न्हाणीतली फरशी

मिस्त्रीनं न्हाणीच्या भिंतीवरची गुलाबी टाइल उचकटली आणि मागच्या ओल्या चुन्याचा वास घरभर झाला. त्या वासासरशी मला सासूबाईंचे हात दिसले, हळदीनं पिवळे आणि रक्तानं लाल.

लग्नानंतरचा तो माझा पहिला पोळा. दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार, दोन गावांची दगडफेक. नदीच्या मधोमध रोवलेला पळस, त्यावरचा झेंडा, एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव. दुपारी भाऊजींना धरून आणलं, कपाळ फुटलेलं. सासूबाईंनी त्यांना न्हाणीत बसवलं. "हालू नको बापा," एवढंच म्हणाल्या आणि पाणी ओतत राहिल्या. फरशीवरच्या निळ्या फुलांवरून ते पाणी मोरीकडे वाहत गेलं.

ती फुलं आता टाइलींखालून परत निघाली आहेत. सूनबाईला दिवाळीच्या आत सगळं हवंय. व्हिंटेज लुक: पितळी नळ, गोल आरसा, काचेचं दार आणि जुन्या नक्षीची छापील टाइल. ती टाइल मी हातात घेऊन पाहिली. नक्षी फक्त वरच्या थरावर. आमची सिमेंटची फरशी भट्टीत भाजलेलीच नसते. साच्याच्या कप्प्यांत हातानं रंग ओतायचा, मागे सिमेंट भरायचं, दाब द्यायचा आणि पाण्यात मुरवायची. रंग आतपर्यंत असतो, म्हणून ती झिजली तरी फूल पुसलं जात नाही. विलायती फरशीला तोडीस तोड म्हणून मुंबईची 'भारत' फरश्यांची कंपनी १९२२ साली सुरू झाली, स्वदेशीच्या भरात.

झीज सोसणारी ही फरशी ॲसिड मात्र सोसत नाही. ते सिमेंटच खातं. चकचकीत करून देतो म्हणत एकानं इथे बाटली रिकामी केली, फुलं पांढुरकी पडली, आणि मग नव्वदच्या दशकात सगळं गुलाबी टाइलीखाली गेलं. त्या माणसाचा राग मला अजून येतो.

माझं माहेर सौंसरचं. तिथल्या न्हाणीत नक्षी नव्हती, दगडाची एक लादी होती. आई दार लावून त्या लादीवर बसून केस धुवायची, फार वेळ.

सासूबाईंनीही गोटमारीच्या दिवशी तेच केलं. भाऊजींच्या कपाळात हळद भरली, आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं आणि आतून कडी घातली. पाण्याचा आवाज बराच वेळ येत होता. बाहेर आल्या तेव्हा डोळे सुजलेले. लगेच चुलीकडे गेल्या. घर माणसांनी भरलेलं असायचं. दार लावून घ्यावं अशी बाईला तेवढीच जागा.

काचेच्या दाराला कडीच नाही, म्हणून मी ते नको म्हटलं. सूनबाई म्हणाली, "आई, घरात आपणच तर असतो." मी तिला भाऊजींची गोष्ट सांगितली, त्यानंतरच्या कडीचीही. ती गप्प राहिली. मग म्हणाली, लाकडाचंच दार करू. फुलं राहणार आहेत. जिथे फुटली तिथे मिस्त्री साधा कोबा घालून देईल. तिचा पितळी नळ मलाही आवडला; तो उद्या बसेल.