कोण, कुठून आणि कशासाठी

दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत वाशिमच्या बाजार समितीत सोयाबीनची गर्दी असते. हर्रास झाला, मापाऱ्यानं कट्टे काट्यावर चढवले, ओलावा बघून भाव पक्का झाला, की शेतकरी अडत दुकानात येऊन बसतो. त्याला दोनच गोष्टी हव्या असतात, पट्टी म्हणजे विकलेल्या मालाचा हिशेब, आणि चुकारा म्हणजे त्याचे पैसे. पट्टी निघाल्याशिवाय चुकारा नाही, आणि आताशा पट्टी निघते ती संगणकातून. वाशिम जिल्हा १९९८ साली अकोल्यापासून वेगळा झाला, तरी दुकानांची सॉफ्टवेअरं करणारे बहुतेक बाहेरगावचेच. ते फोनवर सापडले तर ठीक, नाहीतर माझ्यासारख्याला बोलावणं येतं. अडत दुकानं, कृषी सेवा केंद्रं, एखाद-दुसरी शाळा, यांचे संगणक सांभाळणं हा माझा धंदा आहे.

गेल्या हंगामात एका अडत दुकानातून सकाळीच मुनीमजींचा फोन आला. "भाऊ, मशीन पासवर्ड मानूनच नाई राह्यली. काल संध्याकाळलोक बराबर चालत होती." मी पोचलो तेव्हा काउंटरवरच्या पडद्यावर १०४५ क्रमांकाची चूक होती : ॲक्सेस डिनाइड फॉर यूजर काउंटर ॲट लोकलहोस्ट, यूजिंग पासवर्ड : यस. शेजारी मुनीमजी पासवर्डची चिठ्ठी धरून उभे. शेठचा मुलगा बीसीएला आहे. त्यानं मोबाइलवर एक व्हिडिओ शोधून ठेवला होता, आणि शेठचं म्हणणं असं, की जुनं काढून टाकावं आणि नव्यानं टाकावं.

नव्यानं टाकायला मी साफ नकार दिला. दुकानाचा डेटाबेस आहे मायएसक्यूएल. तो काढता काढता कुणी त्याचं डेटाचं फोल्डरही पुसलं तर अख्ख्या हंगामाचा हिशेब जातो. मुलाच्या व्हिडिओतला उपाय होता 'स्किप-ग्रँट-टेबल्स'. ही ओळ टाकली की डेटाबेस पासवर्डही विचारत नाही आणि अधिकारही बघत नाही, येईल त्याला सगळं खुलं. रूटचा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड खरोखर हरवला असेल तर तेवढ्यापुरती ही वाट धरतात. इथं पासवर्ड हरवलेलाच नव्हता.

या चुकीचा संदेश लोक अर्धाच वाचतात. 'ॲक्सेस डिनाइड' दिसलं की थांबतात आणि पासवर्ड बदलायला घेतात. पण त्या एका ओळीत बरीच माहिती असते. कोण आलं, तर काउंटर नावाचा यूजर. कुठून आलं, तर लोकलहोस्ट, म्हणजे याच मशीनवरून. पासवर्ड दिला का, तर यस. शेवटी नो असतं तर प्रोग्रामनं पासवर्ड पाठवलाच नाही असं धरून मी आधी त्याची सेटिंगची फाइल उघडली असती. या ओळीत एक गोष्ट मात्र मुद्दाम लपवलेली असते. असा यूजर माहीतच नाही, की यूजर आहे पण पासवर्ड चुकला, हे डेटाबेस सांगत नाही. सांगितलं तर चोराला निम्मं काम आयतं मिळेल.

म्हणून माझा पहिला प्रश्न पासवर्डचा नव्हता. उत्तर देतोय तो आपलाच डेटाबेस आहे का, हे मला बघायचं होतं. विंडोजच्या सर्व्हिसेसच्या यादीत 'मायएसक्यूएल८०' ही सर्व्हिस बंद होती. सर्व्हिस बंद असेल तर २००३ ही चूक यायला हवी, म्हणजे जोडणीच झाली नाही. इथं तर कुणीतरी जोडणी घेऊन वर नकारही देत होतं.

मायएसक्यूएल स्वतःची एक नोंदवही ठेवतं, '.ईआरआर' शेपटीची फाइल. ती 'प्रोग्रामडेटा' या एरवी न दिसणाऱ्या फोल्डरमध्ये असते. तिच्या शेवटच्या ओळींत सरळ प्रश्नच होता : ३३०६ क्रमांकाच्या पोर्टवर तुमचा दुसरा कुठला 'मायएसक्यूएलडी' आधीच चालू आहे का? काळ्या खिडकीत 'नेटस्टॅट -एएनओ' चालवलं. ३३०६ समोर एका प्रोसेसचा क्रमांक मिळाला. टास्क मॅनेजरमध्ये त्या क्रमांकावर उजवी क्लिक करून फाइलची जागा उघडली, तर निघालं 'झॅम्प'चं फोल्डर.

मी मुलाकडे पाहिलं. "कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी टाकलं रात्री," तो म्हणाला. "पण त्यात तर मायएसक्यूएलच आहे ना? मग काय बिघडलं?"

प्रश्न बरोबर होता. झॅम्प म्हणजे वेबसाइट बनवायला लागणाऱ्या प्रोग्रामांचं गाठोडं. त्याच्या पडद्यावर मायएसक्यूएल असं लिहिलेलं असतं, पण २०१५ पासून आत असतं मारियाडीबी. दोन्ही एकाच घरातली. मॉन्टी विडेनियस या फिनलंडच्या प्रोग्रामरनं आणि त्याच्या सोबत्यांनी १९९५ साली मायएसक्यूएल आणलं, नाव दिलं त्याच्या थोरल्या मुलीचं, माय. पुढं २००८ साली ते सन कंपनीकडं गेलं आणि २०१० मध्ये सनसकट ओरॅकलकडं. त्या घडामोडींतच विडेनियसनं २००९ साली त्याच कोडवरून वेगळी चूल मांडली आणि तिला धाकट्या मुलीचं नाव दिलं, मारिया. वेगळं होतानाही पोर्ट तोच ठेवला, ३३०६. पोर्ट एका वेळी एकालाच मिळतो. मुलानं झॅम्पचा डेटाबेस सर्व्हिस म्हणून बसवला होता, त्यामुळं सकाळी मशीन सुरू होताच त्यानं पोर्ट धरला आणि दुकानाचा डेटाबेस उठूच शकला नाही. दुकानाचा प्रोग्राम नेहमीसारखा ३३०६ वर गेला. तिथं बसलेल्या मारियाडीबीला काउंटर नावाचा यूजर ठाऊकच नव्हता. चिठ्ठीवरचा पासवर्ड अगदी बरोबर होता, तो विचारला जात होता भलत्याच ठिकाणी.

झॅम्पचा पोर्ट ३३०७ केला. ही दुरुस्ती 'माय.आयएनआय' फाइलमध्ये एकाच जागी करून भागत नाही, क्लायंटच्या भागात आणि सर्व्हरच्या भागात, दोन्हीकडं करावी लागते. झॅम्पसोबत येणाऱ्या पीएचपीमायॲडमिनच्या सेटिंगलाही नवा पोर्ट सांगावा लागतो, नाहीतर ते जुन्याच जागी जाऊन नकार घेऊन येतं. मग मायएसक्यूएल८० सुरू केली. काउंटरवरून पट्टी निघाली. ओट्यावर बसलेल्या अनसिंगच्या एका काकांनी "निंघाली एकदाची" म्हणत ती घडी करून खिशात घातली.

तोवर मागच्या खोलीतून मुनीमजींची हाक आली. त्यांचा संगणक जोडला जात नव्हता, आणि तिथली चूक निराळी होती.

तिथं पासवर्डपर्यंत गाडी पोचतच नव्हती. बराच वेळ थांबून पडदा सांगत होता, २००३, सोबत १००६०. यातला दुसरा आकडा महत्त्वाचा. १००६१ म्हणजे मशीन सापडलं, पण त्या पोर्टवर कुणी ऐकत नाही. १००६० म्हणजे हाकेला उत्तरच आलं नाही. चौकशी केल्यावर कळलं, की आदल्या दिवशी दुकानात फायबरचं नवं कनेक्शन आलं होतं आणि जोडणाऱ्यानं राउटर बदलला होता. जुन्या राउटरवर मशीनचे पत्ते १९२.१६८.१ नं सुरू व्हायचे, नव्यावर १९२.१६८.० नं. मुनीमजींचा प्रोग्राम जुन्या पत्त्यावर हाका मारत होता. काउंटरच्या मशीनला नव्या राउटरवर एक कायमचा पत्ता बांधून दिला आणि तो प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये भरला. तरी १००६० काही हटेना. विंडोजनं नवं नेटवर्क दिसताच ते 'पब्लिक' धरलं होतं, आणि फायरवॉलमधली ३३०६ ची मोकळीक होती फक्त 'प्रायव्हेट'साठी. दुकानाचं नेटवर्क प्रायव्हेट केलं तेव्हा चूक बदलली. ११३० आली : या होस्टला इथं जोडणी करायची परवानगी नाही.

मुनीमजी वैतागले. "आता हे कोन्तं नवीन?"

मी म्हटलं, चूक बदलली म्हणजे आपण पुढं सरकलो. दुरुस्तीच्या कामात तीच चूक पुन्हा पुन्हा येणं वाईट. नवी चूक आली की आधीचा अडथळा सुटला असं समजावं.

मायएसक्यूएलमध्ये खातं नुसत्या नावानं ओळखलं जात नाही. नाव आणि जागा मिळून एक खातं होतं. लोकलहोस्टवरचा मुनीम वेगळा, १९२.१६८.१ च्या पट्ट्यातला वेगळा. त्यांचे पासवर्ड वेगळे असू शकतात, अधिकारही वेगळे. हे सांगितल्यावर मुनीमजी लगेच म्हणाले, "मंग त्यात काय नवल हाय? पट्टीवर आपन नावासंग गाव लिहितोच ना. तोंडगावचा वेगळा अन् अनसिंगचा वेगळा." यापेक्षा चांगलं मला सांगता आलं नसतं. जुनं खातं १९२.१६८.१ च्या पट्ट्यासाठी होतं आणि आता मुनीमजी ० च्या पट्ट्यातून येत होते. अशा वेळी होस्टच्या जागी नुसतं टक्क्याचं चिन्ह टाकायची सवय फार पसरली आहे. त्याचा अर्थ, कुठूनही आलात तरी चालेल. काम चटकन होतं खरं, पण मग जागा तपासण्याला अर्थ उरत नाही. मी 'रिनेम यूजर' वापरून त्याच खात्याचा पट्टा बदलला. यात पासवर्ड आणि अधिकार दोन्ही जसेच्या तसे राहतात.

अशा वेळी दोन छोटे प्रश्न फार कामाला येतात. जोडणी झाल्यावर 'यूजर()' विचारलं की आपण कोण म्हणून आलो ते कळतं, आणि 'करंट_यूजर()' विचारलं की डेटाबेसनं आपल्याला कोण म्हणून ओळखलं ते कळतं. दोन्ही उत्तरांत फरक दिसला की पुष्कळदा गुंता तिथंच सापडतो. त्यानंतर 'शो ग्रँट्स' विचारावं, म्हणजे हातात काय काय अधिकार आहेत त्याची यादी येते. माझ्याकडं येणाऱ्या कॉलेजच्या पोरांनाही मी हेच सांगतो. त्यांच्या उबुंटूवर रूटचा पासवर्ड कितीही बरोबर दिला तरी १६९८ येते, कारण तिथं रूटला पासवर्डनं ओळखतच नाहीत, मशीनवर तुम्ही कोण म्हणून बसलात ते बघतात. 'सुडो' लावून गेलं की पासवर्डशिवाय आत. पोस्टग्रेएसक्यूएलमधलं 'पीअर ऑथेंटिकेशन फेल्ड' हेही त्याच जातीचं. या दोन्ही ठिकाणी पासवर्ड बदलत बसणं म्हणजे दिवस वाया घालवणं.

दुपारपर्यंत दोन्ही संगणक चालू झाले. सकाळी हातानं लिहिलेल्या कच्च्या पावत्या भरायला मुनीमजी बसले आणि घाईत एका शेतकऱ्याची पट्टी दोनदा चढली, एकदा काउंटरवरून, एकदा त्यांच्याकडून. ती काढायला गेले तर ११४२ : डिलीट कमांड डिनाइड, यूजर मुनीम, टेबल पट्टी.

शेठचा धीर सुटला. "बुढ्या माणसाले किती तरास देता? सगळे अधिकार देऊन टाका त्यायले. आपल्याच घरचा माणूस हाय. वीस वर्षं झाले."

काम एका ओळीचं होतं, 'ग्रँट ऑल'. पण ही चूक आधीच्यांसारखी बिघाडाची नव्हती. आधीच्या सगळ्या चुका जोडणीच्या आणि ओळखीच्या होत्या. इथं डेटाबेसनं मुनीमजींना नीट ओळखलं होतं आणि ओळखूनच नाही म्हटलं होतं. 'शो ग्रँट्स'मध्ये मुनीमला पट्टीच्या टेबलवर दोनच अधिकार दिसत होते, बघणं आणि नवी नोंद घालणं. पुसण्याचा अधिकार फक्त 'मालक' या खात्याला होता, तोही काउंटरच्या मशीनवरूनच. सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, मुद्दामच तसं ठेवलंय.

मी शेठना हे समजावत होतो तेवढ्यात मुनीमजीच मधे बोलले. "मले नोका देऊ ते."

शेठनी विचारलं, "काऊन?"

"मागं एक पट्टी गायब झाली होती, आठवते काय? कोनी काई बोललं नाई, पन चार दिवस समदे माह्याकडंच पाहत होते. आता ही मशीनच सांगते ना, का मुनीमच्या हातानं पट्टी पुसतच नाई? मंग राहू द्या तसंच."

इतकी वर्षं मी दुकानदारांना सांगत आलो, की कमी अधिकार द्या, त्यात तुमच्या डेटाची सुरक्षितता आहे. मालकाच्या बाजूनं ते खरंच आहे. पण ज्याला अधिकार नाकारला त्याचीही त्यात सोय असते, हे मुनीमजींच्या तोंडून ऐकेपर्यंत मी कधी त्या बाजूनं पाहिलं नव्हतं. जिथं सगळे रूट असतात तिथं नोंद कुणी पुसली याला उत्तर नसतं, आणि मग संशय पगारी माणसावरच जातो. ज्याला पुसताच येत नाही, त्याच्यावर पुसल्याचा आळ येऊ शकत नाही. हीच गोष्ट पतसंस्थेतल्या रोखपालाला, शाळेतल्या लिपिकाला आणि रेशन दुकानातल्या पोरालाही लागू आहे.

शेठनी काउंटरवर मालक खात्यानं जाऊन ती दुहेरी पट्टी स्वतः काढली. सॉफ्टवेअरवाल्याशी बोलून पुढं एक सुधारणा करून घेतली. आता पट्टी कुणीच पुसत नाही, तिच्यावर 'रद्द' अशी खूण होते आणि कारण लिहावं लागतं. मायएसक्यूएलमध्ये एखाद्या टेबलचे ठरावीक रकानेच बदलण्याचा अधिकार देता येतो, म्हणून मुनीमजींना 'रद्द' आणि 'कारण' हे दोनच रकाने बदलता येतात, वजन आणि भाव नाही. मुलाचं झॅम्प त्याच्या स्वतःच्या लॅपटॉपवर गेलं. आणि दुकानात नवा राउटर, नवं मशीन, काहीही जोडायचं असलं तर आधी मला फोन करायचा, असं शेठनी सगळ्यांना सांगून ठेवलं आहे. मुनीमजी तर करतातच, शिवाय पडद्यावरच्या चुकीचा आकडा आणि पूर्ण ओळ वाचून दाखवतात. माझं निम्मं काम तिथंच होतं.