एक 'हॅव' आणि आपले कितीतरी 'आहे'

मुलांनो, इंग्रजीतली छळवादी क्रियापदं मोजायला बसलो, तर 'हॅव'चा नंबर बराच वर लागेल. दिसायला एवढंसं, पण अर्थ विचारला की भलेभले डोकं खाजवतात.

लोणी भापकरला आमच्या ओट्यावर सुट्टीत पोरांचा अभ्यास चालतो. चौथीतल्या पुतणीनं 'हॅव म्हणजे आहे' असं पाठ केलं होतं. त्या हिशेबानं 'आय हॅव अ काऊ' याचं मराठी तिनं केलं, 'मी गाय आहे'! पोरं खो खो हसली. तिनं वही मिटली आणि म्हणाली, "नाना, मला नाही यायचं इंग्रजी."

हे वाक्य मला फार लागलं. २००० सालापासून आपल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. त्याआधी ते पाचवीत सुरू होई. वर्षं वाढली, पण भीती गेलीच असं नाही. एका क्रियापदापायी पोरीनं अख्खी भाषा सोडावी, हे काही बरं नव्हे. मी म्हटलं, "अगं, हसण्यासारखं काही नाही. 'हॅव'ला मराठीत नेमका जोडीदारच नाही!"

खरंच नाही. इंग्रज माणूस भाऊ, पैसे, ताप, शिंगं, धमक, सगळं एकाच 'हॅव'मध्ये कोंबतो. आपण मात्र प्रत्येकाला वेगळी वाट देतो. नातं असेल तर 'मला दोन भाऊ आहेत.' मालकी असेल तर 'माझ्याकडे गाय आहे.' खिशात असतील तर 'माझ्याजवळ पाच रुपये आहेत.' अवयव असेल तर 'शेळीला शिंगं आहेत.' गुण असेल तर 'तिच्यात धमक आहे.' आता 'माझ्याकडे दोन भाऊ आहेत' म्हणून पाहा. ऐकणाऱ्याला वाटेल, भाऊ मुक्कामाला आलेत! म्हणजे मराठी कमी नाही, उलट जास्त बारकाईनं बोलते. रशियन माणूसही 'माझ्यापाशी गाय आहे' अशाच धाटणीनं बोलतो.

म्हणून इंग्रजी करताना एक युक्ती. आधी विचारायचं, ही वस्तू कोणाची? तो 'कोण' वाक्यात पहिला ठेवायचा. आमच्या मल्लिकार्जुन मंदिराला पुष्करणी आहे. पुष्करणी कोणाची? मंदिराची. मग 'द टेंपल हॅज अ टँक.' ही, शी, इट किंवा एकच वस्तू असेल तर 'हॅज'. आय, यू, वी, दे असेल तर 'हॅव'. भूतकाळात सगळ्यांना 'हॅड'. आहे की नाही सोपं?

एक खड्डा मात्र चुकवा. 'आय अॅम हॅविंग अ ब्रदर' म्हणू नका. भाऊ असणं ही काही चालू असलेली क्रिया नव्हे. पण 'आय अॅम हॅविंग टी' चालतं, कारण तिथं 'हॅव' म्हणजे घेणं, पिणं. चहा संपेपर्यंत ती क्रिया चालूच असते.

'हॅव'पुढे 'टू' आला, की नूर पालटतो. 'आय हॅव टू गो' म्हणजे 'मला जावं लागतं.' इथं आपलं 'लागणं' मदतीला येतं. तेही काही साधं नाही बरं का! भूक लागते, ठेच लागते, आंबा गोड लागतो, मामा नात्यानं मामा लागतो, आणि वाईट बोलणं मनाला लागतं. हे सगळं आपण न घोकता शिकलो, रोज बोलून. 'हॅव'ही तसंच येईल.

तर मित्रांनो, या आठवड्यात घरात बसून दहा वाक्यं लिहा. घराला किती दारं, आजीकडे किती शेळ्या, दप्तरात किती वह्या. आई-बाबांनाही सोबत घ्या. चुकलं तर हसा, पण वही मिटू नका.