दमट हवेस, अनावृत पत्र

दमट हवे,



अर्थकारणात तुझं नाव फार बदनाम आहे. १७४८ साली फ्रेंच विचारवंत मॉन्टेस्क्यूने उष्ण देशांतली माणसं आळशी असल्याचं लिहून ठेवलं, आणि तेव्हापासून थंड देश श्रीमंत, गरम देश गरीब, असं नकाशावर बोट ठेवून सांगणाऱ्यांची कमी नाही.

मग इंग्लंडमधल्या, कापडगिरण्यांच्या लँकेशायरचं काय? ते तर तुझ्याच जिवावर गब्बर झालं. कापसाचा तंतू ओल धरतो तेव्हाच ताण सोसतो. कोरड्या हवेत धागा तटातट तुटतो. तिथल्या मालकांची हाव एवढी, की तू कमी पडतेस म्हणून त्यांनी मागांच्या शेडमध्ये वाफ सोडली. घामाने निथळणारा विणकर सुटी झाली की तसाच बाहेरच्या गारठ्यात. अखेर १८८९मध्ये कायदा करून या वाफेला मर्यादा घालावी लागली.

मुंबईच्या गिरण्यांना तू फुकटात मिळालीस. जमशेदजी टाटांनी मात्र १८७७मध्ये एम्प्रेस मिल काढली ती नागपुरात. कापूस हाताशी होता, पण विदर्भाच्या उन्हाळ्यात तू औषधालाही सापडत नाहीस. त्यांनी खात्यांत हवा ओलसर ठेवणारी यंत्रं बसवली आणि गिरणी चालवून दाखवली. थोडक्यात, पैसा असला की तुला आणवताही येतं.

आणि हाकलताही येतं. १९०२ साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यात कागद ओलीने फुगायचा, आकसायचा, रंगावर रंग बसेना. विलिस कॅरियरने तुला आवरणारं यंत्र आखलं ते या कागदासाठी. माणसांना गार वाटलं, ते वरकड!

सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम दीडशे किलोमीटरवर. तिथे तुझा मुक्काम बारमाही. ली क्वान यू १९५९मध्ये पंतप्रधान झाले आणि त्यांनी आधी सरकारी कचेऱ्यांत वातानुकूलन आणलं. देशाच्या यशाचं मोठं श्रेय ते या यंत्राला देत. मला ते अर्धंच पटतं. हीच हवा शेजारच्या सुमात्रालाही आहे. बंदर, शिस्तीचा कारभार, बाहेरून आलेलं भांडवल हे सगळं होतं म्हणून विजेचं बिल परवडलं.

तेव्हा देश तू बुडवत नाहीस, असं माझं मत आहे. पण तुझा त्रास कुणी सोसायचा, हे ठरतं ते खिशावरून. सोय झाली ती आधी धाग्याची, मग कागदाची, मग साहेबाची. स्लॅब टाकणारा मजूर सगळ्यात शेवटी. सिंगापूरने २०२३मध्ये नियम केला: ऊन, ओल आणि वारा मिळून मोजलेलं तापमान ३२ अंशांवर गेलं, की उघड्यावर अंगमेहनत करणाऱ्याला तासाला किमान दहा मिनिटं विसावा. ठाणे-पनवेलच्या बांधकामांवर मे महिन्यात तू ठाण मांडून असतेस. तिथल्या ठेकेदारांना हा नियम तेवढा कळव.

कळावे,
तुझा एक घामाघूम वाचक