कॅलेंडरवरचे ठिपके

धारला माहेरी स्वयंपाकघराच्या दाराआड कॅलेंडर असायचं. आई त्यावर पेन्सिलीने बारीकसा ठिपका देई. तो कशाचा, हे घरातल्या बायकांनाच ठाऊक. ठिपक्यापासून दिवस मोजायचे, डोक्यावरून पाणी घ्यायचं, मग देवदर्शन. लग्न होऊन देवासला आले, तेव्हा ही सवयही माझ्याबरोबर आली.

सत्तेचाळिसाव्या वर्षी ठिपक्यांची शिस्त बिघडली. कधी १७ दिवसांतच पाळी येई, कधी दीड महिना पत्ता नाही. आणि आली की १०-११ दिवस थांबायची नाही. रात्री दोनदा उठून कपडे बदलायचे, पहाटे गुपचूप चादर धुवायची. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "अगं, जाताना असंच होतं." मलाही ते पटलं. चिंता एकच, पर्युषणात मंदिरात जाता येईल ना?

पर्युषणाच्या आठवडाभर आधी जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली. मुलीने बळेच दवाखान्यात नेलं. हिमोग्लोबिन निघालं ६.८, बाईला निदान १२ हवं. "कधीपासून होतंय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मला सांगता येईना. मुलीने घरून दोन वर्षांची कॅलेंडरं आणली. त्या पानं उलटत म्हणाल्या, "सगळं तर इथे लिहिलंय. तुम्ही वाचलं नाहीत?"

वाचत होते की! पण मंदिरात कधी जायचं, एवढ्यापुरतंच.

सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ दिसली. पंचेचाळिशीनंतर असा रक्तस्राव असला तर आतल्या अस्तराचा तुकडा तपासतात. तोही तपासला, कर्करोग नव्हता. थायरॉइडही पाहिलं. शेजारणी म्हणाल्या, "पिशवी काढून मोकळी हो." पण बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या कशा सर्रास काढल्या गेल्या, ते २०१९ मध्ये पेपरात वाचलं होतं. डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, आधी औषधं. औषधांवरच भागलं.

लोहाची कॅप्सूल जिलेटिनची असते म्हणून मी घेईना. तसं सांगितलं तर साधी गोळी मिळाली. सूर्यास्ताआधी लिंबूपाण्याबरोबर घ्यायची, चहाबरोबर नाही.

त्या वर्षी उपवास केला नाही. संवत्सरीला सगळ्यांना मिच्छामि दुक्कडम् म्हटलं, आणि मनातल्या मनात या देहालाही. मुंगी वाचवणारी मी, याच्याकडे बघितलंच नव्हतं.

मैत्रिणींनो, ठिपका जरूर द्या, पण बेरीजही करा. एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढचीच्या पहिल्या दिवसापर्यंत २१ ते ३५ दिवस ठीक. त्याहून कमी-जास्त वारंवार होऊ लागलं, रक्तस्राव ७ दिवसांवर गेला, तासा-दोन तासांत पॅड भिजू लागलं, रुपयाएवढ्या गुठळ्या पडू लागल्या, तर दवाखाना गाठा. पाळी जाऊन वर्ष झालं आणि पुन्हा डाग दिसला, तर एक दिवसही थांबू नका.

आता सुनेच्या खोलीतही कॅलेंडर आहे. तिचे ठिपके लाल पेनाचे आहेत, दाराआड नाहीत.