पंगत कोठें मांडावी?

आमच्या मातोश्रींना येत्या श्रावणांत पंचाहत्तर वर्षें पूर्ण होतात. त्या निमित्तानें घराच्या सर्व शाखांनीं एके ठिकाणीं जमावें, याबद्दल कोणाचाच मतभेद नव्हता. मतभेद झाला तो भोजनाच्या जागेवरून. कार्यालय घ्यावें, आचारी बोलवावा आणि केळीच्या पानावर साग्रसंगीत बेत करावा, असें आमच्या थोरल्या बंधूंचें मत. तर रविवारीं मुंबईच्या मोठ्या हॉटेलांतून 'ब्रंच बुफे' मांडतात, तेथें सर्वांनीं जावें, असें घरांतील सुनांचें व तरुण मंडळींचें.

या ब्रंचची कुळकथा मौजेची आहे. ब्रेकफास्टचें डोकें व लंचचें धड जोडून हा शब्द झाला. १८९५ सालीं गाय बेरिंजर नांवाच्या इंग्रज लेखकानें 'हंटर्स वीकली' या पत्रांत निबंध लिहून, रविवारची न्याहारी व दुपारचें जेवण एक करावें, असा पक्ष मांडला. शनिवारीं रात्रीं उशिरापर्यंत मौज करणारांची सोय व्हावी, हा त्यांतील एक हेतु. ज्या घरांत पहांटे देवाची घंटा वाजते त्या घराला ही सोय कशाला हवी, हें बंधूंनीं विचारलेंच. 'बुफे' हा शब्द फ्रेंच, व मूळचा भिंतीलगतच्या मेजाचा. त्यावर मांडलेलें अन्न ज्यानें त्यानें वाढून घ्यावयाचें, म्हणून जेवणालाहि तेंच नांव पडलें.

वाद दोन दिवस चालला. अखेर आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "भाऊजी, कार्यालय घेतलें तर आई सकाळपासून आचाऱ्यामागें उभ्या राहतील आणि नेहमीप्रमाणें शेवटच्या पंगतीला बसतील. पंचाहत्तरी त्यांची आहे ना?" यावर बंधु गप्प बसले. मातोश्री मेथी निवडीत होत्या. त्या एवढेंच म्हणाल्या, "मला काय, कोठेंहि चालेल." या माउलीला कोठें जेवावयाचें हें आजवर कोणी विचारलेंच नव्हतें, हें त्या वेळीं आमच्या ध्यानांत आलें. म्हणून जागा पाहावयास जातांना त्यांनाच बरोबर घेऊन जावें, असें आम्हीं ठरविलें.

पहिल्या रविवारीं चर्चगेटला उतरून मरीन ड्राइव्हनें निघालों. १९७० सालीं लग्न होऊन मातोश्री गिरगांवच्या चाळींत आल्या, तेव्हां संध्याकाळीं याच कठड्यावर वाऱ्याला येऊन बसत. समोरच्या गोलसर सज्जांच्या इमारती १९३० नंतरच्या, बॅकबेचा समुद्र हटवून काढलेल्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या. २०१८ सालीं युनेस्कोनें त्यांना व ओव्हल मैदानापलीकडच्या गॉथिक इमारतींना मिळून जागतिक वारशाचा मान दिला. मातोश्री म्हणाल्या, "त्या वेळीं या हॉटेलांच्या दारांत डोकावण्याचीहि छाती होत नसे."

आंतील थाट डोळे दिपविणारा खरा. तांब्याच्या झांकणाचीं भांडीं, त्यांखालीं ऊन पाणी व मंद ज्योत, एका कोपऱ्यांत डोसे घालणारा, एका बाजूस मुलांसाठीं चॉकलेटचें कारंजें. परंतु पावांचे व भातांचे ढीग दाराशीं आणि निवडक पदार्थ पार टोंकाला. तेथें पोंचेपर्यंत ताटांत जागा उरत नाहीं. ही योजना सहज झाली असेल असें आम्हांस वाटत नाहीं. दर माणशीं २८०० रुपये, व त्यावर १८ टक्के कर. कारण ज्या हॉटेलांत खोलीचें भाडें दिवसाला ७५०० रुपयांवर जातें, तेथील भोजनाला हाच दर लागतो, साध्या उपाहारगृहाला ५ टक्के. आमचीं माणसें ३१. हिशेब लाखाच्या वर गेला. सेवा-आकार मात्र ऐच्छिक असतो, हें गृहिणींनीं ध्यानांत ठेवावें. तो बिलांत आपोआप चढवितां येत नाहीं, असें दिल्ली उच्च न्यायालयानें २०२५ सालीं सांगितलें आहे.

तथापि आमचें मन फिरलें तें पैशानें नव्हे. शाकाहारी व मांसाहारी भांडीं शेजारीं शेजारीं होतीं, आणि आमच्या देखत एका गृहस्थांनीं एकांतील पळी दुसऱ्यांत बुडविली. मातोश्री कांहीं बोलल्या नाहींत; ताटांतील घास मात्र तसाच राहिला. गुडघे दुखत असतां हातांत ताट घेऊन त्यांना तीनदां उठावें लागलें. शेजारच्या मेजावरून अर्धीं भरलेलीं ताटें उचलून नेलीं, तेव्हां त्यांनीं मान वळविली.

दुसऱ्या खेपेस विमानतळाकडील एक हॉटेल पाहिलें. त्याविषयीं न लिहिणेंच बरें; संगीत इतकें मोठें कीं पदार्थांचीं नांवेंहि ऐकूं येईनात.

तिसरी जागा गिरगांवांतच सांपडली. स्वयंपाकघर सर्वस्वीं शाकाहारी, जागा आटोपशीर, रविवारीं अकरा ते तीन बुफे. येथें एक अडचण अनपेक्षित रीतीनें सुटली. चातुर्मासांत मातोश्री कांदा, लसूण व वांगें वर्ज्य करितात. व्यवस्थापकांनीं 'जैन' पदार्थांची निराळी मांडणी दाखविली. तींत कांदा-लसूण नसतोच, पण बटाटाहि नसतो. "उपासाला चालणारा बटाटा यांनीं कां टाकला?" असें मातोश्रींनीं विचारलें. जमिनीखालचें कंद उपटतांना जीवहत्या होते म्हणून, हें ऐकल्यावर त्या म्हणाल्या, "त्यांचा नेम आपल्याहून कडक आहे हो." वांग्याचें तेवढें आधीं सांगून ठेविलें.

लांब मेज जोडून सर्वांनीं एका रांगेंत बसावें, हेंहि व्यवस्थापकांनीं मान्य केलें. प्रश्न उरला तो वाढण्याचा. मातोश्रींना पुन्हां पुन्हां उठवावयाचें नाहीं हें ठरलेलें; आणि त्यांच्यासाठीं सुनांनीं उठावें, तर कार्यालय काय वाईट होतें? तेव्हां थोरले बंधूच म्हणाले कीं, त्या दिवशीं बायका बसतील आणि पुरुष वाढतील. कधीं पाण्याचा तांब्याहि न उचललेल्या गृहस्थाच्या तोंडून हें ऐकून सूनबाई पदर तोंडाला लावून हंसल्या. मातोश्रींनीं तीन वेळां नको म्हटलें. चौथ्या वेळीं म्हणाल्या, "पण तुम्हांला ताट तरी वाढतां येतें का?"

येत नाहीं, हें उघड होतें. त्या रात्रीं स्वयंपाकघरांत रिकामें ताट पुढें घेऊन त्या बसल्या, आणि समोर आम्ही दोघे बंधु व पुतण्या. मीठ वर मधोमध, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाज्या उजवीकडे. पुतण्यानें विचारलें, "आजी, तेथें पास्ता असेल, तो कोणत्या बाजूला?" मातोश्रींनीं ताटाकडे बराच वेळ पाहिलें आणि म्हणाल्या, "उजवीकडेच वाढ. पण थोडा."