जहाज बंदराला, विमान आभाळात

जेनोआ सोडून तासभर झाला असेल. रात्रीचं जेवण आटोपून आम्ही बॅगा भरत होतो. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी सात वाजता जहाज चिवितावेक्किया बंदराला लागणार, तिथून विमानतळ, दुपारी १२ वाजून ४० मिनिटांचं विमान, खाडीत बदल, आणि शनिवारी पहाटे मुंबई. संध्याकाळपर्यंत चिपळूण. रविवारी जोहरनंतर भाचीचा निकाह. सगळं कागदावर लिहून काढलं होतं आणि तो कागद आरशाला चिकटवला होता.

साडेदहाच्या सुमारास कॅप्टनचा आवाज आला. जहाजावरच्या एका प्रवाशाची प्रकृती गंभीर आहे, त्याला किनाऱ्यावरच्या इस्पितळात पोहोचवायचं आहे, म्हणून जहाज लिव्होर्नोच्या दिशेने वळत आहे. मुलगा गॅलरीत धावला. खरोखरच दूरचे दिवे एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकत होते. अम्मींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, तसबीह हातात घेतली आणि त्या अनोळखी माणसासाठी दुआ करत बसल्या. मी मात्र आरशावरच्या कागदाकडे पाहत होते. आज लिहिताना त्याची लाज वाटते, पण खरं ते खरं.

भाचीचे अब्बा चार वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून तिची एकच हट्टाची गोष्ट होती. निकाहचा एक गवाह मामू असला पाहिजे आणि रुखसतीला गाडीपर्यंत मामूनेच हात धरून न्यायला हवं. निकाहची तारीख ठरली तेव्हा आमची क्रूझ आधीच ठरलेली होती. पैसे भरलेले होते. नणंदबाईंनी विचारलं, "जमेल ना?" आम्ही म्हणालो, "एक पूर्ण दिवस हातात आहे."

हा हातातला दिवस आम्ही चुकीच्या जागी ठेवला होता. मुंबईत उतरल्यानंतर तो आमच्याकडे होता. बंदर आणि विमानतळ यांच्यामध्ये आमच्याकडे तासभरही नव्हता.

ज्यांनी क्रूझ केलेली नाही त्यांना वाटतं, जहाज लागलं की उतरायचं, एस.टी.तून उतरतात तसं. तसं नसतं. आदल्या रात्री मोठ्या बॅगांना रंगीत चिठ्ठ्या लावून त्या खोलीबाहेर ठेवायच्या. रात्रीतून त्या खाली नेल्या जातात. सकाळी जहाज दोराने बांधलं, बंदराच्या अधिकाऱ्यांनी परवानगी दिली, की मग चिठ्ठीच्या रंगाप्रमाणे गटागटाने लोकांना सोडतात. खाली आपल्या रंगाच्या रांगेत आपली बॅग शोधायची. ज्यांना घाई आहे त्यांनी बॅगा खोलीतच ठेवून स्वतः ओढत नेल्या तर पहिल्या गटात सोडतात; पण मग सगळं सामान स्वतःलाच जिन्यांवरून न्यावं लागतं. बहात्तर वर्षांच्या अम्मी बरोबर असताना आम्ही ते केलं नाही. (आणि त्यांच्या ब्लड प्रेशरच्या गोळ्याही मी मोठ्या बॅगेत घालून खाली पाठवल्या होत्या. सकाळी नाश्त्याच्या वेळी आठवण झाली. ही चूक कोणी करू नये.)

जहाज सातऐवजी सव्वादहाला लागलं. आम्ही खाली उतरलो तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. टॅक्सी केली. चिवितावेक्कियाहून फिउमिचिनो विमानतळ ६०-६५ किलोमीटर आहे. रस्ता उत्तम, गाडी उत्तम. पोहोचलो तेव्हा बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. आंतरराष्ट्रीय विमानाचा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो. तो केव्हाच बंद झाला होता. विमान मात्र काचेतून दिसत होतं. अम्मींनी मुलाला विचारलं, "हेच का आपलं?" तो काही बोलला नाही.

आता यातली पैशांची बाब सांगते, कारण वाचणाऱ्या कितीतरी घरांत असंच घडू शकतं. आम्ही दोन वेगवेगळी तिकिटं घेतली होती. रोम ते खाडी एका कंपनीचं, खाडी ते मुंबई दुसऱ्या कंपनीचं. चौघांचे मिळून बरेच पैसे वाचले होते, त्याचं कौतुकही घरी करून घेतलं होतं. पहिलं विमान चुकलं तेव्हा दुसऱ्या कंपनीला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांच्या दृष्टीने आम्ही आलोच नाही. दोन्ही तिकिटं गेली. हाच सगळा प्रवास एका तिकिटावर असता तर थोडे पैसे भरून बहुधा दुसरी वेळ मिळाली असती, निदान एकाच काउंटरशी बोलावं लागलं असतं. शिवाय वेगळ्या तिकिटांवर सामान थेट मुंबईपर्यंत जाईलच असं नसतं. मधल्या विमानतळावर बाहेर येऊन बॅगा घ्यायची वेळ आली, तर त्या देशाचा व्हिसाही लागू शकतो. आमच्यावर ती पाळी आली नाही, कारण आम्ही तिथपर्यंत पोहोचलोच नाही.

चार जागा एकत्र आणि झेपेल अशा भाड्यात मिळाल्या त्या रविवारी दुपारच्या.

लगेच व्हिसा आठवला आणि पोटात गोळा आला. शेंगेन व्हिसावर दोन गोष्टी वेगळ्या लिहिलेल्या असतात: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आणि त्यातले किती दिवस राहता येईल. आपण बहुतेक जण तारखाच पाहतो. आमचा प्रवास दहा दिवसांचा होता, व्हिसावर दिवस होते बारा. रविवार बरोबर बारावा. अल्हम्दुलिल्लाह, एवढी जागा राहिली होती. अर्ज करतानाच दोन-तीन दिवस जास्त मागावेत, एवढं यावरून समजलं. आणखी एक. क्रूझ मध्येच तुर्कस्तान, ट्युनिशिया किंवा मॉन्टेनेग्रोला जात असेल, तर तिथे जाणं म्हणजे शेंगेनबाहेर पडणं. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर परत येताना अडचण. त्यासाठी अनेक प्रवेशांचा व्हिसा हवा. क्रोएशिया मात्र १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे. विम्याचंही तसंच. व्हिसासाठी जो ३० हजार युरोंचा विमा मागतात तो आजारपणाचा. जहाज उशिरा आल्यामुळे विमान चुकलं, तर त्यात काही मिळेलच असं नाही. ते कलम वेगळं पाहून घ्यावं लागतं. आम्ही पाहिलं नव्हतं.

विमानतळाजवळ एका साध्या हॉटेलात दोन खोल्या घेतल्या. पहिल्या संध्याकाळी कोणीच कोणाशी नीट बोललं नाही. मुलाने बापाला विचारलं, "अब्बा, तुम्ही मामू नाही तर मग कोण?" उत्तर मिळालं नाही.

त्या रात्री मला पालेर्मो आठवत होतं. क्रूझच्या दुसऱ्याच दिवशी आम्ही तिथे उतरलो होतो. तिथल्या मोठ्या चर्चच्या दक्षिण दारातल्या एका खांबावर कुरआनची आयत कोरलेली आहे, ती पाहायला अम्मी मुद्दाम आल्या होत्या. याच शहरातून इब्न जुबैर गेला होता. अंदलुसचा हा प्रवासी हज करून परतत होता. ऑक्टोबर ११८४ मध्ये त्याने अक्का बंदरातून जिनोआवाल्यांचं जहाज धरलं आणि डिसेंबरात मेसिनाच्या सामुद्रधुनीत ते फुटलं. माणसं वाचली. मग तो मेसिनाहून पालेर्मो, तिथून त्रापानी असा आला आणि वाऱ्याची, जहाजाची वाट पाहत राहिला. मार्च ११८५ मध्ये जहाज निघालं, एप्रिलमध्ये तो ग्रॅनाडाला घरी पोहोचला. निघाल्याला सहा महिने! पण त्याच्या घरी कोणी घड्याळ लावून बसलं नव्हतं.

आपल्याकडेही फार जुनी गोष्ट नाही. माझे आजोबा हजहून जहाजाने आले होते. तेव्हा मुगल लाइनची 'अकबर', 'मोहम्मदी', 'नूरजहाँ' ही जहाजं मुंबई-जिद्दा फेऱ्या करत. १९९५ नंतर ती समुद्री वाट बंद झाली. गावाहून हाजींना घ्यायला गेलेली मंडळी मुंबईत मुसाफिरखान्यात उतरत, डब्यात सुके बोंबील आणि भाकऱ्या बांधून. जहाज आज येणार म्हणत, उद्या येई. कोणी रागावत नसे. पुढे एस.टी. ज्या दिवशी मिळेल त्या दिवशी. दादी सांगायची, आजोबा आले तो दिवस तिला आठवतो, पण वार आठवत नाही. आम्ही त्याच समुद्राच्या भरवशावर विमानाचं मिनिटांत कापलेलं तिकीट काढून ठेवलं होतं.

रविवारी सकाळी साडेदहाला (आपल्याकडे दुपारचे दोन, उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक असतो) मोबाइल हॉटेलच्या टेबलावर पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला. अम्मींनी निकाहसाठी शिवलेला हिरवा जोडा बॅगेतून काढून घातला होता. काझीसाहेबांचा आवाज तुटक येत होता. गवाहाच्या जागी माझे चुलत दीर बसले होते. 'कबूल है' ऐकू आलं तेव्हा चित्र गोठलेलं होतं. नवरदेवाचं तोंड उघडं आणि मागे कोणाचा तरी हात. मग पुन्हा सगळे हलायला लागले. ह्यांनी दुआला हात उचलले ते बराच वेळ खाली घेतले नाहीत. अम्मी स्क्रीनला म्हणाल्या, "बाळा, नानी इथेच आहे हां." त्यांचा माइक बंद होता.

रुखसतीच्या वेळी आम्ही विमानतळावर सुरक्षा तपासणीच्या रांगेत होतो.

परत आल्यापासून ओळखीतलं कोणी क्रूझचं नाव काढलं की माझ्याकडे पाठवतात. मी सांगते ते असं. ज्या दिवशी जहाज लागतं त्या दिवशी विमान धरूच नये. अगदीच इलाज नसेल तर रात्रीचं धरावं. खाडीमार्गे मुंबईची विमानं रात्रीही असतात. हॉटेलची एक रात्र महाग वाटते, पण आम्ही चौघांची जी नवी तिकिटं काढली त्यापुढे ती काहीच नव्हती. जहाज एका शहरातून निघून दुसऱ्या शहरात संपत असेल, तर जाण्या-येण्याची दोन सुटी तिकिटं काढू नयेत. 'मल्टी सिटी' म्हणून जाताना एक शहर, येताना दुसरं, असं एकच तिकीट निघतं. क्रूझ कंपनीमार्फत विमान घेतलं तर जरा महाग पडतं, पण जहाज उशिरा आलं तर पुढची सोय बघणं बहुतेक वेळा त्यांच्याकडे असतं. घेण्यापूर्वी तसं लिहून मागावं. विमान चुकणार हे जहाजावरच कळलं, तर ते सुटायच्या आत कंपनीला फोन करावा. आम्ही टॅक्सीत बसून "पोहोचू, पोहोचू" म्हणत राहिलो.

वेळ हातात असेल तर टॅक्सीही लागत नाही. जहाजापासून लार्गो देल्ला पाचेपर्यंत बंदराची बस येते, तिथून स्टेशनची बस. विमानतळाला थेट गाडी नाही; रोमच्या लोकलने पाऊण-एक तासात त्रास्तेवेरे, तिथे गाडी बदलून अर्ध्या तासात फिउमिचिनो. रोममध्ये रात्र काढणाऱ्यांना तेर्मिनी स्टेशनवरून 'लिओनार्दो एक्सप्रेस' ३२ मिनिटांत विमानतळावर नेते. फक्त संपाची तारीख आधी बघावी. इटलीत रेल्वेचे संप बहुतेक आधी जाहीर होतात आणि कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ व संध्याकाळी ६ ते ९ ठरावीक गाड्या सोडाव्याच लागतात. आणि ज्यांचं जहाज गुरुवारी लागतं त्यांनी शुक्रवारचा जुमा रोमच्या मोठ्या मशिदीत पढून शनिवारचं विमान धरावं. पावलो पोर्तोगेसी आणि त्यांच्या साथीदारांनी रचलेली ही मशीद १९९५ मध्ये खुली झाली. आतले खांब झाडांसारखे वर जाऊन फांद्यांसारखे एकमेकांत गुंफतात म्हणे. आम्ही विमानतळाजवळ दोन दिवस होतो आणि कोणाला जायचं सुचलं नाही.

त्या आजारी प्रवाशाचं पुढे काय झालं ते आम्हाला कळलं नाही. अम्मी अजून विचारतात, जणू मी त्यांच्या घरचा नंबर घेऊन ठेवलाय.

भाची सासरहून पहिल्यांदा माहेरी आली त्या दिवशी हे मुद्दाम चिपळूणला गेले. जाताना ती गाडीकडे निघाली तेव्हा तिने मामूचा हात धरला आणि म्हणाली, "आता न्या." दारापासून गाडी दहा पावलांवर होती. ती त्यांनी फार सावकाश चालली.

येत्या ऑक्टोबरात धाकट्या दिरांचं कुटुंब बार्सेलोनाहून क्रूझला जाणार आहे. परवा जाऊबाई तिकिटांचे कागद घेऊन आल्या. मी चष्मा लावून तारखा बघायला बसले तर अम्मी आतून म्हणाल्या, "आधी विचार, त्या महिन्यात घरात कोणाचं लग्न आहे का?"