मिसळलं की घाण

माझं माहेर रोह्याचं आणि सासर पेणचं. मधे कासू, नागोठणे, निडी अशी मोजकीच स्टेशनं, त्यामुळे दिवा-रोहा गाडीने या घरातून त्या घरात जायला फारसा वेळ लागत नाही. घरांची तऱ्हा मात्र वेगळी. पेणला मागे परस आहे, त्यात दोन माड, केळी आणि अळूचं बेट. रोह्याला भाऊ-वहिनी तिसऱ्या मजल्यावर राहतात, तिथे माती म्हणायची तर तुळशीच्या कुंडीतली. कचरा कमी करण्याच्या ज्या सवयी आम्ही लावून घेतल्या, त्या दोन्हीकडे निभावल्या. ‘तुमच्याकडे जागा आहे म्हणून जमतं’ असं म्हणणाऱ्यांसाठी हे मुद्दाम सांगते आहे.

सासूबाईंच्या लहानपणी प्रत्येक घरामागे उकिरडा असे. शेण, चुलीतली राख, भाजीचे देठ, माशांचे काटे, सगळं त्यात जाई आणि पावसाच्या तोंडावर गाडीने शेतात पोचे. त्या उकिरड्याची कुणाला शिसारी नव्हती. त्यात गुटख्याच्या पुड्या, वेफर्सची पाकिटं आणि फाटक्या पिशव्या पडू लागल्या, तेव्हा शेतकऱ्याने त्याकडे पाठ फिरवली. सासूबाईंचं म्हणणं सरळ आहे: “देठ घाण नाही, दुधाची पिशवीही घाण नाही. एकात एक कालवलं की घाण.” आमच्या घरातल्या सगळ्या सवयी या एका वाक्यातून निघाल्या.

स्वयंपाकघरात आता कचऱ्याच्या तीन जागा आहेत. ओट्याखाली झाकणाचा ओला डबा, दाराआड सुक्याची गोणी आणि वर, मुलांचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी, तिसरा छोटा डबा. त्यात संपलेले सेल, ब्लेडची पाती, मुदत उलटलेली औषधं. 2016 च्या घनकचरा नियमांनीही घरातच असे तीन भाग करायला सांगितलं होतं. वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून, वर लाल पेनाने ठिपका काढून वेगळे द्यायचे. कचरा हाताने निवडणाऱ्या बाईला ती पुडी उघडून बघायची वेळ येऊ नये, एवढी माणुसकी त्यात आहे.

दुधाच्या पिशवीचंही एक वळण आहे. कोपरा कापताना तो पूर्ण तोडायचा नाही, एका कडेने लटकता ठेवायचा. नखाएवढा सुटा तुकडा भंगारवाल्याच्या हाती कधीच लागत नाही, तो गटारातच जातो. रिकामी पिशवी लगेच विसळायची, ते पांढुरकं पाणी कढीपत्त्याला घालायचं आणि पिशवी उलटी करून चिमट्याने खिडकीच्या गजाला लावायची. वाळलेली पिशवी महिनाभर पडून राहिली तरी वास येत नाही आणि भंगारवाला ती आनंदाने नेतो. न धुतलेली पिशवी दुसऱ्या दिवशी घर घाणवते.

रोह्याच्या फ्लॅटमध्ये खतासाठी बादली ठेवायचं ठरलं, तेव्हा वहिनी म्हणाली, “ताई, तुमच्याकडे परस आहे. आमच्याकडे वास सुटला तर सोसायटी मला बाहेर काढेल.” शंका खोटी नव्हती. वास सुटतो तो ओल्याला हवा मिळाली नाही की. म्हणून बादलीला भोकं पाडली, खाली ताटली ठेवली आणि तळाशी सुक्या पाल्याचा जाड थर घातला. त्यावर दिवसभराची सालं बारीक चिरून, त्यावर तेवढाच सुका पाला, आणि विरजण म्हणून सुरुवातीला वाटीभर आंबट ताक. दोन-तीन दिवसांनी काठीने खालीवर करायचं. मूठ दाबली तर ओल लागावी, पाणी गळू नये, हीच त्याची परीक्षा.

एके दिवशी सकाळी वहिनीचा फोन आला: “ताई, बादलीत अळ्या झाल्यात! वळवळतायत नुसत्या.” त्या अळ्या आपल्याच कामाच्या असतात, सालं झपाट्याने खाऊन टाकतात. ओल कमी केली की त्या आपसूक जातात. मी तिला पाला वाढवायला सांगितलं. दोनेक महिन्यांनी बादलीतून काळसर, मोकळं खत निघालं. पहिल्या पावसात अंगणाला येतो तसा त्याचा वास होता. वहिनीने ते कागदावर पसरून शेजारणीला बोलावून दाखवलं. आता त्या मजल्यावर तीन बादल्या आहेत.

आपल्याकडची खरी अडचण पावसाळ्याची. पेण-रोह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर सुका पाला मिळणार कुठून? म्हणून उन्हाळ्यातच आंबा-फणसाचा गळलेला पाला दोन गोण्या भरून कोरड्या जागी ठेवायचा. तो संपलाच तर भाताच्या गिरणीवरचं तूस किंवा सुताराकडचा भुसा चालतो. तूस लवकर कुजत नाही, पण बादलीत हवा खेळती ठेवतं. मासळीचं मात्र फ्लॅटच्या बादलीत नाव काढू नये. पेणला आम्ही खवले आणि कोळंबीची टरफलं माडाच्या आळ्यात हातभर खोल पुरतो. रोह्याला ती ओल्या कचऱ्यातून घंटागाडीत जातात.

पण घरात आलेलं निस्तरण्यापेक्षा दारातच अडवणं सोपं. बाजारात जाताना कापडी पिशवीत एक स्टीलचा डबाही असतो. पहिल्या खेपेला कोळीणमावशी हसली होती. आता लांबूनच हाक मारते, “डबा आणलास ना? मग हा कोळंबीचा वाटा घेऊन जा.” राज्यात 2018 साली प्लॅस्टिकबंदी आली, 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरायच्या कित्येक प्लॅस्टिक वस्तू देशभर बंद झाल्या. तरी मटार-मेथीला पातळ पिशवी पुढे येतेच. कायदा दुकानाच्या पाटीवर असतो, पिशवी मात्र आपल्या खांद्यावर असावी लागते.

स्वयंपाकातल्या सवयी आईकडून आल्या. दोडक्याच्या शिरांची चटणी, दुधीच्या सालीची परतून चटणी, कलिंगडाचा पांढरा भाग किसून त्याची घावनं. फणस खाल्ला की आठळ्या वाळवून ठेवायच्या. यात काटकसर आहेच, पण जे पोटात गेलं ते डब्यात येत नाही, हा हिशेबही आहे.

शेतावर लावतात ती आपली पोपटी बघा. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, अंडी, वाटलं तर कोंबडी. तोंड पाल्यानेच बंद करायचं, मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा-काटक्यांचा जाळ करायचा. केळीच्या पानावर ओतून सगळे एकत्र खातात. शेवटी उरते राख आणि टरफलं: राख वाफ्यात, टरफलं बकरीपुढे. त्याच शेतावर हल्ली थर्माकोलच्या ताटल्या, पाण्याच्या बाटल्या आणि सॉसच्या पुड्या येतात आणि निघताना कुणीतरी त्या त्याच जाळात टाकतं. आम्ही पोपटीला स्टीलची भांडी आणि पाण्याचा माठ नेतो. पेंढ्यावर प्लॅस्टिक जाळायचं नाही, हा आमच्यात नियमच आहे.

गणपतीत तर पेणकरांची जबाबदारी दुप्पट. पेण, हमरापूर, जोहे इथल्या कारखान्यांतून लाखो मूर्ती बाहेर जातात. शाडूची मूर्ती पाण्यात काही तासांत विरघळते, प्लॅस्टर ऑफ पॅरिसची महिनोन्‌महिने तशीच राहते. आम्ही कमीत कमी रंगाची छोटी शाडूची मूर्ती आणतो आणि परसातच पिंपात विसर्जन करतो. खाली बसलेली माती वाळवून ठेवली की पुन्हा मळता येते. मुलं त्याच मातीचे किल्ल्यावरचे मावळे करतात. निर्माल्य देताना हारातला दोरा, जर आणि प्लॅस्टिकचे मणी आधी काढतो. रेवदंड्याचं डॉ. नानासाहेब धर्माधिकारी प्रतिष्ठान निर्माल्यापासून खत करतं. फुलांत जरीचा धागा गुंतलेला असेल तर प्रतिष्ठानच्या श्रीसदस्यांनी, म्हणजे स्वयंसेवकांनी, तो किती वेचायचा? रोह्याची कुंडलिकाही पुढे रेवदंड्याच्या खाडीलाच मिळते. आपण इथे सोडलेलं तिथल्यांच्या किनाऱ्याला लागतं.

आपल्याच पेण तालुक्यातल्या गागोद्याला 1895 साली विनोबा जन्मले. पवनारला असताना ते रोज खांद्यावर फावडं घेऊन शेजारच्या सुरगावची घाण साफ करायला चालत जात. आपल्याला तेवढं करायचं नाही. आज रात्री भांडी आवरून झाली की फक्त दोन डबे वेगळे ठेवा, एक ओल्याचा, एक सुक्याचा. खत, कापडी पिशवी, शाडूची मूर्ती पुढे एकेक करून येतील. एकदा का मिसळणं थांबलं की कचरा निम्मा संपलाच म्हणून समजा.